बदलाचं कारण

ती कामावर परतली त्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी तिला इतकं सांभाळलं की तिला स्वतःच्या टेबलाशीही पाहुणी आल्यासारखं वाटायला लागलं. तिची खुर्ची कोणीतरी पुसून ठेवली होती. चहाच्या यंत्रापाशी खिदळणारे दोघे तिला पाहताच गप्प झाले आणि कप घेऊन भिंतीकडे सरकले. एरवी तिच्या टेबलावरून बिनदिक्कत चार्जर उचलून नेणारा शेजारचा पोपट आज "घेऊ का?" असं विचारून गेला.

पोपटाचं नाव अर्थात पोपट नव्हतं. तोंडाला विश्रांती नाही म्हणून तो पोपट. साहेबांचे केस तिशीतच पांढरे झाले म्हणून ते आजोबा, आणि त्यांनाही ते चालायचं. "आजोबा, सही हवी होती," असं कोणी म्हणालं की बाहेरून आलेला माणूस दचकून बघायचा. या ऑफिसात माणूस खऱ्या नावानं एकाच ठिकाणी सापडे, ते म्हणजे बदलांच्या इतिहासात.

आजोबांनी तिला आत बोलावलं. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"आई कशी आहे?"

"बरी आहे. मावशी आलीये सोबतीला."

"बरं झालं." ते थोडे घुटमळले. मग त्यांनी दोन पानं तिच्यासमोर ठेवली. "लॅबवाल्यांना त्या दिवशीच्या गोंधळाचा अहवाल द्यायचाय. उद्या दुपारपर्यंत. तुला त्रास नको म्हणून मीच लिहून टाकलाय. तू फक्त नजर टाक आणि मंजूर कर. नियम आहे म्हणून, नाहीतर तुला विचारलंही नसतं."

तिनं पानं घेतली आणि जागेवर येऊन वाचायला लागली.

त्यांच्या कंपनीचं काम असं की दुसऱ्यांच्या जागांमधली नेटवर्कं सांभाळायची, आणि तीही तिथे पाऊल न टाकता. रक्ततपासणीच्या लॅबची एक मोठी साखळी त्यांची गिऱ्हाईक होती. प्रत्येक शाखेत माळ्यावर नाहीतर कपाटामागे एक चपटा डबा बसवलेला. त्या डब्यानं कसं वागायचं ते सगळं क्लाउडवर लिहिलेलं. इथे बसून एक खूण बदलली की काही मिनिटांत तिथला डबा बदललेला. बाबांना ही कल्पना फार आवडायची. "काय मास्तरीणबाई, आज ढगात काय?" असं ते फोनवर विचारायचे. त्यांच्या चुका दुरुस्त करण्याची तिला लहानपणापासून खोड, म्हणून ती मास्तरीण.

आणि ढगात कोणी काहीही केलं तरी त्याची नोंद होई. बदलांचा इतिहास नावाचं पानच होतं: कोणी, कधी, कुठे, आधी काय होतं, नंतर काय झालं. शेवटी 'बदलाचं कारण' असा एक रकाना, जो बहुतेक जण रिकामा सोडत.

अहवालात त्याच पानातली एक ओळ चिकटवली होती. तिचं पूर्ण नाव. लॅबच्या सर्व शाखांचा साचा. यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते देण्याची सोय: आधी चालू, नंतर बंद. वेळ दुपारची. खाली आजोबांनी आपल्या सरळ, भल्या भाषेत लिहिलं होतं: 'मूळ कारण: सदर बदल करण्याच्या थोडाच वेळ आधी संबंधित कर्मचाऱ्यास वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली होती. त्या मनःस्थितीत एका शाखेऐवजी सर्व शाखांच्या साच्यात बदल झाला.'

तिनं ते वाचलं आणि तिचे कान तापले.

वेळ चुकीची होती. म्हणजे इतिहास खोटं बोलत नव्हता. पण ते पान फाईल म्हणून उतरवून घेतलं की त्यावर मुख्य कचेरीचं घड्याळ लागे, आणि मुख्य कचेरी दुसऱ्या देशात, त्यांच्याहून काही तास पुढे. आजोबांनी फाईल उतरवली, दुपारची वेळ पाहिली, तिला फोन आला तोही दुपारीच एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या मायाळू डोक्यानं दोन्ही जोडून टाकलं. लॅबमध्ये हे कोणाला कळणं शक्य नव्हतं. तिनं स्वतःच्या स्क्रीनवर तेच पान उघडलं. तिथे तीच ओळ होती, सकाळची. बाबा तेव्हा जिवंत होते.

त्या सकाळचं तिला सगळं आठवत होतं, हीच तर पंचाईत होती. एका नव्या शाखेला पत्ते देणारं स्वतंत्र यंत्र बसणार होतं, म्हणून तेवढ्या एका शाखेत जुनी सोय बंद करायची होती. साधं काम. पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, आपण शाखेच्या पानावर आहोत की सगळ्यांच्या साच्यावर. मान वर करायची, बस. पण तेवढ्यात पोपटानं तिच्या नाकासमोर मोबाईल धरला होता. एक कुत्रा दाराच्या चौकटीसमोर बसलेला. दाराची काच काढून टाकलेली, चौकट मोकळी. तरी हा बसूनच. शेवटी मालकीण येते, नसलेलं दार उघडल्याचं नाटक करते, आणि कुत्रा रुबाबात आत जातो. ती हसता हसता 'जतन करा'वर बोट ठेवून मोकळी झाली. कारणाचा रकाना रिकामाच राहिला.

आणि त्याच वेळी बाबांचा फोन वाजला. हसू आवरत नव्हतं, म्हणून तिनं तो कापला. फोनमध्ये तयार उत्तरं असतात, त्यातलं एक दाबलं: 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करते.' मग ती म्हणाली, "परत लाव रे, त्याचं तोंड बघायचंय मला."

लॅबच्या यंत्रांना लगेच काही झालं नाही. यंत्रांना पत्ता मिळतो तो काही तासांच्या बोलीनं, मुदत संपली की पुन्हा मागायचा. दुपारपर्यंत जुन्या पत्त्यांवर सगळं सुरळीत चाललं. दरम्यान शेजारच्या काकांचा फोन आला, "बाळ, तू आधी घरी ये, मग बोलू," आणि ती पर्स टेबलावरच विसरून धावली. ती गेल्यावर एकेका शाखेतली मुदत संपली, यंत्रांनी पत्ता मागितला, आणि द्यायला कोणी नव्हतं. पत्त्याविना यंत्रं नेटवर्कवर बोलू शकत नाहीत, त्यामुळे रिपोर्ट अडकले. पोपटानं इतिहासाचं पान उघडून तिची ओळ शोधली आणि बदल उलटा फिरवला.

म्हणजे पोपटानं ती ओळ त्याच्या स्क्रीनवर पाहिली होती. सकाळच्या वेळेसकट.

ती त्याला जिन्यात गाठायला गेली, तर तो आधीच तिथे उभा.

"अहवाल वाचलास?" तिनं विचारलं.

"वाचला."

"वेळ बघितलीस?"

"मी नाव बघितलं. नाव बरोबर आहे." तो कठड्याचा रंग नखानं खरवडत होता. "ताई, एक सांगू? पोपट म्हणता ना मला, मग समजा, पहिल्यांदाच पोपटाला गप्प बसता आलं. जाऊ दे ना. खोटं कोणी बोललेलं नाही. आजोबांना वाटलं, त्यांनी लिहिलं."

"आणि मी मंजूर करू?"

"तुमचे वडील गेलेत, हे तरी खरं आहे ना!"

हे त्यानं इतक्या कळवळ्यानं म्हटलं की तिला त्याच्याकडे बघवेना.

दुपारी लॅबवाल्या ताईंचा फोन आला. सगळ्या शाखांचं कामकाज त्या बघायच्या. एरवी त्यांचा आवाज असा खणखणीत की फोन कानापासून लांब धरावा लागे. आज त्या हळू बोलत होत्या.

"वडिलांचं कळलं हो. फार वाईट वाटलं. अचानकच ना?"

"हो. जिन्यात चक्कर आली. हार्ट."

"त्या दिवसाचं मनाला लावून घेऊ नका. मीच काउंटरला उभी होते. एका बाईंनी फाईल फेकली माझ्या अंगावर. त्यांच्या मुलाला ऑपरेशनला घ्यायचं होतं आणि रक्ताचा रिपोर्ट पुढे जाईना. घेतलं म्हणा नंतर, उशिरानं. मुलगा बरा आहे. मी तर तेव्हा तुम्हाला काय काय बोलले मनातल्या मनात! मग तुमच्या साहेबांनी सांगितलं, आणि माझी मलाच लाज वाटली. अशा वेळी माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं का?"

"नाही," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि ते 'नाही' तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आता आपणही बोललो. आतापर्यंत नुसतं गप्प बसणं होतं.

घरी पोचली तेव्हा मावशी आणि आई टेबलाशी बसून हसत होत्या. मधूनच डोळे पुसत होत्या, पण हसत होत्या. विषय आत्याचा चालला होता.

आत्या म्हणजे बाबांची आत्या. ती नव्हतीच. बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते आणि त्यांना सुटी हवी असली की त्यांची एक दूरची आत्या वारायची. क्रिकेटची मॅच असली की आत्या. आईला सिनेमाला न्यायचं असलं की आत्या. घरात मग तो शब्दच होऊन बसला. कोणी थाप मारून काम टाळलं की म्हणायचं, "मारली आत्या!" ती शाळेत पोटदुखीचं निमित्त करायची तेव्हा बाबा तिच्या कपाळाला हात लावून गंभीरपणे विचारायचे, "ताप आहे का आत्या?"

"आणि तो साहेब गं," मावशी सांगत होती, "तो म्हणाला, अहो, तुमच्या आत्या आहेत तरी किती? तर भावोजी काय म्हणाले? साहेब, आमच्या आजोबांना मुली फार!"

आई टेबलावर डोकं टेकून हसली. मग तशीच थोडा वेळ राहिली.

मावशीनं तिला जवळ बसवून घेतलं. "तू तरी नशिबाची. शेवटचं बोलणं झालं तुझं त्यांच्याशी. त्या दिवशी सांगितलंस ना सगळ्यांना, सकाळीच बोलले म्हणून. तेवढा आधार असतो बघ."

"हं," ती म्हणाली.

त्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती. कोणीतरी विचारलं होतं, "बोलणं झालं होतं का गं?" आणि ती "हो, सकाळीच" म्हणून गेली होती. त्या एका शब्दावर लोकांनी तिला किती जवळ घेतलं होतं! आई तेव्हा कोपऱ्यात बसलेली. तिनं मान वर करून लेकीकडे पाहिलं होतं आणि परत खाली घातली होती.

मावशी अंघोळीला गेली. आईनं बाबांच्या गोळ्यांची डबी पुढ्यात ओढली आणि उरलेल्या गोळ्या काढून एका पाकिटात टाकायला लागली. बाजूला त्यांचा मोबाईल होता. तो अजून रोज संध्याकाळी गोळीची आठवण करून द्यायचा, आणि ती बंद कशी करायची हे आईनं तिला अजून विचारलं नव्हतं.

"आई, माझं बोलणं नव्हतं झालं."

आईचा हात थांबला नाही. "माहीत आहे मला."

"फोन आला होता. मी कापला."

"अगं, मी समोरच बसले होते त्यांच्या." आई गोळीच्या पाकिटाची घडी घालत म्हणाली. "रिमोट चालत नव्हता, म्हणून तुला लावला. म्हटलं, तिला कशाला त्रास, सेल बघा आधी. उलटे घातले होते स्वतःच. पण ऐकतील तर ना! मग तुझा तो मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे असा. तो त्यांनी मला वाचून दाखवला."

"मग?"

"मग काय! चष्मा वर केला आणि म्हणाले, 'बघितलंस? आत्या मारली पोरीनं. माझ्यावर गेलीये.'"

तिनं खुर्ची जवळ ओढली.

"चिडले होते?"

"छे! खूश होते. दिवाणावर बसून हसत होते. म्हणाले, मीटिंग असती तर दोन वेळा वाजू दिला असता हिनं. पहिल्याच रिंगला कापला म्हणजे काहीतरी मजेत चाललंय. चालू दे म्हणाले." आईनं पाकीट कपाटात ठेवलं. "नंतर मी बाजारात गेले. ते पेपर आणायला खाली उतरले असणार."

तिला वाटत होतं की हे ऐकून हलकं वाटावं. बाबांनी माफ केलं होतं, मागायच्या आधीच. पण तसं वाटेना. त्यांना कळलं होतं. तिची थाप त्यांनी एका नजरेत ओळखली, आणि ती मात्र आज दिवसभर त्यांनाच पुढे करून बसली होती. अहवालातलं ते वाक्य तिला पाठ झालं होतं. 'वडिलांच्या निधनाची वार्ता.' बाबा असते तर म्हणाले असते, "घे की वापरून! तेवढाच उपयोग माझा." अगदी हेच म्हणाले असते, आणि वर टाळी मागितली असती. म्हणूनच तिला ते वाक्य सहन होईना. त्यांनी आयुष्यभर मारली ती आत्या कधी नव्हतीच, तिचं कोणाला काही जात नव्हतं. बाबा खरे होते. आणि ती त्यांना त्या आत्याच्या जागी नेऊन बसवत होती.

मावशी केस पुसत बाहेर आली. तेव्हा ती म्हणाली, "मावशी, त्या दिवशी माझं बाबांशी बोलणं झालं नव्हतं. मी खोटं सांगितलं सगळ्यांना."

मावशीनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "केस नीट पूस, पाणी गळतंय."

दुसऱ्या दिवशी ती आजोबांकडे गेली आणि दोन्ही पानं टेबलावर ठेवली. मग तिच्या स्क्रीनवरून काढलेली ओळ त्यांच्या शेजारी ठेवली.

आजोबांनी दोन्ही वेळा पाहिल्या. ते हुशार होते, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. आधी त्यांचा चेहरा स्वतःच्याच चुकीनं पडला आणि मग हळूहळू त्यावर वैताग आला.

"कशाला उकरून काढतेस? लॅबवाल्यांचं समाधान झालंय. विषय मिटलाय."

"चुकीच्या कारणानं मिटलाय."

"दुःखात झालेली चूक लोक पोटात घालतात. ही नाही घालणार. कंत्राट नवीन करायची वेळ आलीये, कल्पना आहे ना?" त्यांनी आवाज खाली आणला. "बरं, काय लिहू मी? काय चाललं होतं तुझं त्या वेळी?"

"कुत्र्याचा व्हिडिओ बघत होते."

"हे लिहू?"

तिची मान खाली गेली. बोटं टेबलाच्या कडेवर होती, ती तिनं मांडीवर घेतली. "लिहा. फक्त पोपटाचं नाव नको. पान मी उघडलं होतं, बोट माझं होतं."

आजोबांनी पांढऱ्या केसांतून हात फिरवला. "लॅबला फोन मी करणार नाही," ते म्हणाले. "मी एकदा सांगून बसलोय त्यांना. आता तूच कर. इथून, माझ्यासमोर."

तिनं केला. ताई प्रेमानं "बोला" म्हणाल्या, आणि तिनं सांगितलं. चूक सकाळची आहे. वडील नंतर गेले. बदल करताना मला काही दुःख नव्हतं, लक्ष नव्हतं. काल तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

पलीकडे प्रिंटरचा आवाज येत होता. कोणीतरी ताईंना काहीतरी विचारलं, त्यांनी त्याला थांबायला सांगितलं.

"म्हणजे मी काल उगाच रडले तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. आवाज आता खणखणीत होता, नेहमीचा. "ठीक आहे. लेखी पाठवा. आणि यापुढे आमच्या शाखांना हात लावायचा असेल तर दुसरं कोणीतरी लावेल, एवढं बघा." मग फोन ठेवता ठेवता, जरा अडखळून, "आईला जपा," एवढं म्हणाल्या.

अहवाल गेला. सगळ्यांना संध्याकाळपर्यंत कळलं, कारण अशा गोष्टी कळतात. चहाच्या यंत्रापाशी लोक तिला पाहून परत गप्प झाले, पण हे गप्प होणं वेगळं होतं. पोपट येऊन तिचा चार्जर घेऊन गेला, न विचारता. थोड्या वेळानं तो परत आणून ठेवताना पुटपुटला, "माझंही नाव घालायचं होतं, ताई."

"तुझं काय? तू नुसता मोबाईल धरला होतास."

"तेच तर," तो म्हणाला आणि चार्जरची वायर गुंडाळायला लागला.

निघायच्या आधी आजोबांनी तिला हाक मारली. ते तिचेच अधिकार बदलत होते. ती आता सगळं बघू शकणार होती, बदलू काही शकणार नव्हती. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. त्यांचं बोट 'जतन करा'वर थांबलं होतं. त्यांनी मान वर करून पानाचा माथा वाचला, मग परत एकदा वाचला.

"हे बघ, आता रकाना रिकामा सोडायचा नाही असं ठरवलंय मी," ते स्क्रीनकडे बघतच म्हणाले. "बदलाचं कारण. काय लिहू?"

बाबांना विचारलं असतं तर त्यांनी इथल्या इथे एक झकास कारण काढून दिलं असतं. तिच्या डोक्यात काहीच येईना. जे खरं होतं तेवढंच उरलं होतं, आणि ते इतकं लहान होतं की सांगताना पुन्हा कान तापले.

"मान वर केली नाही, असं लिहा," ती म्हणाली.

आजोबांनी ते तसंच लिहिलं. काही सेकंदांनी इतिहासाच्या पानावर सगळ्यात वर नवी ओळ आली. तीत 'कुठे'च्या रकान्यात तिचं पूर्ण नाव होतं. ती ओळ तिनं शेवटपर्यंत वाचली आणि पर्स घेतली. जिना उतरताना तिनं आईला फोन लावला आणि विचारलं, "बाबांच्या मोबाईलमधली ती गोळीची आठवण, बंद करून देऊ का आज?"

"राहू दे," आई म्हणाली. "वाजू दे थोडे दिवस."